शिकेकाई दळून मिळेल

पिठाच्या गिरणीत गव्हानंतर ज्वारी चालते, ज्वारीनंतर बाजरी चालते. फार तर पुढचं गिऱ्हाईक "आधीचं पीठ जरा झाडून घ्या हो" एवढं म्हणतं. शिकेकाईनंतर मात्र काहीच चालत नाही. ती एकदा जात्यात गेली की पुढच्या माणसाच्या पोळीला फेस येणार, यावर सगळ्यांचं एकमत असतं. म्हणून शिकेकाईची गिरणी वेगळी. ती पेठेत एखादीच असते, तिखट-हळदीच्या शेजारी असते आणि तिच्यावर पत्र्याची पाटी असते : 'हळद, तिखट, शिकेकाई दळून मिळेल'. कधी मिळेल, ते पाटीवर नसतं. गिरणीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "माल जमू द्या." म्हणजे आणखी चारसहा बायकांनी आपापल्या पिशव्या आणून टाकेपर्यंत तुम्ही तेलकट डोक्याने हिंडायचं.

आणि माल जमला की तो एकामागून एक त्याच जात्यात पडतो. त्यामुळे आपल्या डब्यात शेजारणीचा नागरमोथा येतो आणि आपली जटामांसी तिच्याकडे जाते. नागरमोथा स्वस्त, जटामांसी महाग. या देवाणघेवाणीवरून धरलेले अबोले मी पाहिले आहेत. वरून विषय दुसराच काहीतरी असतो, पण खोदत गेलं की खाली शिकेकाई लागते.

दळणाच्या दिवशी त्या गल्लीची अवस्था बघण्यासारखी असते. गिरणीवाला नाकातोंडाला फडकं बांधून उभा असतो. करोना येण्याच्या कितीतरी आधीपासून मुखपट्टी गांभीर्याने वापरणारा तो आमच्या भागातला एकमेव माणूस. समोरचा स्टेशनरीवाला शिंकत शिंकत सुटे पैसे मोजतो आणि शिंकेगणिक आकडा विसरतो. शुभकार्याला निघालेल्याने त्या दिवशी त्या रस्त्याने जाऊ नये. एक शिंक आडवी आली तर थांबावं, पाणी प्यावं, पुन्हा निघावं, एवढं आपल्याला माहीत असतं. इथे अख्खी गल्ली शिंकत असते, तिथे किती पाणी पिणार?

पण गिरणी हा झाला उत्तरार्ध. पूर्वार्ध काष्ठौषधीच्या दुकानात घडतो. त्या दुकानातल्या माणसाला कधीही घाई नसते. नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा, बावची अशी यादी त्याच्यापुढे ठेवली की तो चष्म्यावरून बघतो आणि एकच प्रश्न विचारतो : "दिवाळीला की डोक्याला?" प्रश्न रास्त असतो. यातली निम्मी मंडळी उटण्यातही असतात, फक्त सोबत बदलते. "डोक्याला" म्हटलं की तो शिकेकाईच्या पोत्यात हात घालतो. ही सह्याद्रीच्या रानात वाढणारी काटेरी वेल. ज्यांनी ती काट्यांतून तोडली त्यांचे हात कसे झाले असतील याचा विचार आपण करत नाही. आपण शेंग कानाशी धरून वाजवतो, बी खुळखुळलं नाही तर तोंड वाकडं करतो आणि तरीही तीच घेतो, कारण दुसरं दुकान लांब असतं.

मग प्रमाणाचा प्रश्न. किलोभर शिकेकाईला पाव किलो रिठे, पाव किलो आवळकाठी आणि मूठभर मेथ्या, असं आमच्या घरी चालतं. नणंदेकडे रिठे जास्त, म्हणून तिच्याकडे सगळ्यांचे केस कोरडे, असं सासूबाईंचं मत. आमच्याकडे रिठे कमी, म्हणून आमच्याकडे तेल निघतच नाही, असं नणंदेचं. दोघींचंही बरोबर आहे, पण हे दोघींपैकी एकीलाही सांगण्याची माझी छाती नाही. शिवाय 'मूठ' हे माप सासूबाईंच्या मुठीचं. त्या नसताना मी माझ्या मुठीने मेथ्या घातल्या तर आल्यावर त्यांना वासावरून कळतं.

संत्र्याच्या साली मात्र विकत आणायच्या नसतात, जमवायच्या असतात. त्यासाठी हिवाळाभर आमच्या खिडकीत साली वाळत असतात. पाहुण्याला संत्रं दिलं की तो सोलून, खाऊन, साल खिशात घालून निघायच्या बेतात आहे की काय, यावर घरातलं कोणी तरी लक्ष ठेवतं. रिठे फोडण्याचं काम पोरांना देतात, कारण आतली काळीभोर, टणक बी त्यांना गोट्यांसारखी खेळायला मिळते. चिकट साल आईला आणि गोट्या पोरांना, ही वाटणी पोरांना फार उशिरापर्यंत फायद्याची वाटते. मग सगळं गच्चीवर कडकडीत वाळवायचं. जरा ओल राहिली तर जातं चिकटतं आणि गिरणीवाला पुढच्या वर्षी ओळख देत नाही. कुरडयांच्या शेजारी मात्र हे वाळत घालायचं नाही. वारा कुठल्या दिशेने वाहील ते कुणी सांगावं, आणि तळलेल्या कुरडईला आपोआप चव आलेली कुणालाच आवडत नाही.

एवढं झालं की केस धुवायला सुरुवात करता येते. म्हणजे वार बघायला सुरुवात करता येते. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा. बुधवारी न्हायलं की भावाला बाधतं, शनिवारी न्हायलं की नवऱ्याला. त्यात एकादशी, चतुर्थी, अमावास्या. कोणत्या वाराला कोणता नातेवाईक धोक्यात येतो याबद्दल घरोघरी मतभेद आहेत आणि माहेरचं कोष्टक सासरी लागू पडत नाही. माझ्या माहेरी जो वार निर्धोक होता, त्याच वारी सासरी मामेसासऱ्यांपर्यंत सगळ्यांना अपाय संभवत होता. एकमत फक्त रविवारबद्दल. रविवारी न्हाणाऱ्या बाईमुळे कोणालाही काही होत नाही. त्या दिवशी ऑफिसला सुट्टी असते, बंबाला जळण घालायला माणूस मोकळा असतो, तेव्हा शास्त्रानेही फार ताणून धरलेलं नाही.

न्हाणं ही एकटीने करायची गोष्टच नव्हती. आदल्या रात्री डोक्यावर तेल थापायला एक बाई. सकाळी तपेलीत शिकेकाई उकळायला एक. ती उतू जाऊ नये म्हणून बघायला एक, आणि उतू गेल्यावर "मी म्हटलंच होतं" म्हणायला एक. गाळायला जुन्या धोतराचं फडकं. मग न्हाणीघरात पाटावर बसलेल्या पोरीच्या मागे आजी उभी राहायची, पदर खोचलेला, आणि तिच्या तोंडून एकच मंत्र सुरू : "डोळे मीट. मीट म्हटलं ना!" डोळे मिटलेलेच असायचे. शिकेकाईला तेवढी फट पुरते. ती आत शिरली की पोर किंचाळायची, "गेलं! गेलं!", आणि आजीच्या मते ही नुसती नाटकं असायची. वर "चोळू नकोस" आणि "पाणी मार" या दोन सूचना एकाच वेळी यायच्या, तर हात दोन्ही आजीने धरून ठेवलेले. "झालं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "अजून एक हात." हा शेवटचा हात कितवा असायचा ते कधीच कळलं नाही.

पुरुषांचा या प्रकरणाशी संबंध नरकचतुर्दशीच्या पहाटेपुरता. वर्षातून एकदा कोणी तरी त्यांना तेल लावतं, उटणं लावतं, डोक्यावरून कढत पाणी ओततं, आणि मग वर्षभर ते सांगत फिरतात की जुनं तेच खरं.

आता न्यायाने बोलायचं तर शिकेकाईत दम आहे. तिच्यात आणि रिठ्यात सॅपोनिन नावाचे पदार्थ असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याशी सलगी करतं, दुसरं तेलाशी. त्यामुळे तेल, मळ, धूळ सगळं पाण्याबरोबर निघून जातं. शिवाय शिकेकाईचं पाणी किंचित आम्ल असतं. केसाच्या बाहेरच्या बाजूला सूक्ष्म खवले असतात, ते आम्लात नीट मिटून बसतात आणि अल्कधर्मी साबणाने उचलले जातात. उचललेले खवले एकमेकांत अडकले की गुंता होतो आणि फणी हातात घेतलेल्या आईशी मुलीचे संबंध बिघडतात. त्यातून पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर साबण त्यातल्या क्षारांशी हातमिळवणी करून डोक्यावर पांढरा थर बसवतो. हे शिकेकाई करत नाही. ती फक्त स्वतःचा भुगा मागे ठेवते. केस वाळल्यावर दिवसभर खांद्यावर तपकिरी काही तरी झडत राहतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "कोंडा नाही, शिकेकाई आहे" असा खुलासा करावा लागतो. त्यावर समोरचा माणूस समजूतदारपणे मान हलवतो, म्हणजे त्याला कोंडाच वाटलेला असतो.

फेस फारसा येत नाही, ही तिच्याबद्दलची दुसरी तक्रार. खरं तर फेस आणि स्वच्छता यांचा जवळचा काही संबंध नाही, पण हे माणसाला पटत नाही. डोक्यावर ढग जमल्याशिवाय त्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. रिठ्याने ही अडचण ओळखून भरपूर फेस द्यायचं ठरवलेलं आहे, म्हणून सगळ्या मिश्रणांत त्याची वर्णी लागते.

नैसर्गिक म्हणजे सौम्य, अशी एक गोड समजूत मात्र आहे. ती रिठ्याला ठाऊक नसावी. हेच सॅपोनिन असलेल्या फळांची पूड डोहात टाकून मासे गुंगवायची पद्धत रानोमाळ होती. कोणाच्या पोटात विष गेलं की ओकारी काढायला रिठ्याचंच पाणी पाजायचे. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर जालीम असते, आणि डोळ्यांत गेली तर डोळ्यांवरही तितकीच जालीम. उवा गेल्या आणि दृष्टीही गेली, असा सौदा नको म्हणून जाणत्या बायका ती पूड लावताना कपाळावर घट्ट पट्टी बांधायच्या. निसर्ग मायाळू असतो हे ज्यांनी ठरवलं, त्यांचं न्हाणं बहुधा कोणी तरी दुसऱ्याने उरकलेलं असावं.

या सगळ्याला कंटाळलेल्या बायकांसाठी मधल्या काळात साबणवाल्यांनी तोडगा काढला. शिकेकाईचा साबण. आम्लधर्मी शिकेकाई आणि अल्कधर्मी साबण यांचं हे लग्न पत्रिका न बघताच लावलेलं, पण संसार बरीच वर्षं टिकला. १९४५ साली आपल्या खानदेशात, अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढलेल्या विप्रोनेही शिकेकाईचा साबण काढला होता. त्याच कंपनीने संगणकही केले. आज तिथे नोकरी करणाऱ्या किती पोरांना आपल्या पगाराच्या वंशावळीत एक शिकेकाईची वडी आहे याची कल्पना असेल, देव जाणे.

आणि मग आली पुडी. तामिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली धंदा सुरू केला आणि त्यांच्या चिक शांपूची पुडी पुढे पन्नास पैशांत मिळू लागली. एका न्हाण्याला एक पुडी. उकळणं नाही, गाळणं नाही, आजी नाही. विशेष म्हणजे याच कंपनीने मीरा नावाने शिकेकाईची पूडही विकली. ज्याने गिरणीसमोरची रांग मोडली त्यानेच दळलेली शिकेकाई पाकिटात घालून परत आणली. धंदा करावा तर असा, दोन्ही बाजूंनी डोकं धुऊन.

आमच्या सासूबाई पुडीच्या पहिल्या लाटेतल्या. वाण्याच्या दुकानात चकचकीत पुड्यांची माळ लटकलेली दिसली, त्यांनी एक तोडून आणली, दाताने फोडली आणि एकटीने, दार लावून, कोणीही "अजून एक हात" न म्हणता केस धुतले. त्या दिवसाचं वर्णन त्या अजून करतात. त्यांच्या बोलण्यात लग्नाचा दिवस इतक्या वेळा येत नाही.

माझी पुतणी बेंगळुरूला असते. तिला हे पटत नाही.

"आजी, तुमच्या वेळी सगळं किती नॅचरल होतं ना!"

"हो बाई. जळण नॅचरल होतं, धूर नॅचरल होता. दहा माणसांचं घर आणि मी एकटी बंबापाशी. डोळ्यांतलं पाणी पण नॅचरलच होतं."

"पण केस बघ ना तुझे अजून किती छान आहेत."

"तेव्हा ते बघायला वेळ कोणाला होता?"

पुतणीच्या पिढीचा निसर्ग मोबाइलमधून येतो. एका रीलमध्ये दही लावायचं असतं, दुसऱ्यात कांद्याचा रस, तिसऱ्यात जवस उकळून केलेला लिबलिबीत गोळा. ती सुट्टीला आली की आमच्या फ्रीजमध्ये कोणत्या वाटीत खायचं आणि कोणत्या वाटीत लावायचं हे कळेनासं होतं. माझ्या नवऱ्याने एकदा जवसाचा तो गोळा खीर समजून अर्धा संपवला आणि "वेलदोडा कमी पडलाय" एवढाच शेरा दिला. चीनच्या ग्वांग्शी प्रांतात याओ समाजाच्या बायका आंबवलेल्या तांदळाच्या पाण्याने केस धुतात आणि त्यांचे केस पायघोळ असतात. हे ऐकल्यापासून आमच्याकडचं तांदळाचं धुवण कुंडीतल्या तुळशीला मिळेनासं झालं. त्यावर सासूबाईंचं म्हणणं, आमच्या कोकणात पेज पितात, म्हणून माणसं दणकट आणि केस बेताचे. ज्याने त्याने आपलं ठरवावं.

सोसायटीतल्या जास्वंदीची तर मला दया येते. पहाटे पाचला सगळी फुलं गणपतीसाठी जातात. तोडणारे आजोबा कुंपणाबाहेरचे असतात आणि त्यांना कोणी काही बोलत नाही, कारण हात देवासाठी उठलेला असतो. सात वाजता पानं केसांसाठी जातात. जास्वंदीची पानं पाण्यात चुरगळली की बुळबुळीत रस निघतो आणि त्याने केस खरंच मऊ होतात, त्यामुळे ही बाजूही खोटी नाही. आठ वाजता उरलेल्या काटक्यांना माळी पाणी घालतो. गेल्या सर्वसाधारण सभेत 'जास्वंदीचा वापर : धार्मिक की वैयक्तिक' या विषयावर जेवढी चर्चा झाली तेवढी लिफ्टच्या दुरुस्तीवर झाली नाही.

फ्लॅटचं बांधकाम मुळातच वनस्पतींच्या विरोधात असतं. जुन्या मोरीला भोक केवढं, तिच्यातून शिकेकाईच काय, शेंग गेली असती. हल्लीच्या बाथरूमची जाळी चहाच्या गाळणीहून बारीक. शिकेकाई, मेंदी, मेथ्यांचं वाटण आणि दहा-पंधरा लांब केस यांचं तिथे जे काही तयार होतं, ते सिमेंटवाल्यांनी अभ्यासावं. आमच्याकडे येणारा प्लंबर आता आत शिरण्याआधी दारातच विचारतो, "ताई, घरात आयुर्वेदिक कोण आहे?"

यंदा गौरी-गणपतीच्या आधी पुतणीने आजीसाठी भेट पाठवली. काचेची बरणी, तिला लाकडी बूच, गळ्यात सुतळी. वर लिहिलेलं की हे मिश्रण हाताने कुटलेलं आहे आणि थोड्याच प्रमाणात बनवतात. आत शिकेकाई, रिठा, आवळा. किमतीचं लेबल तिने खरवडून काढलं होतं, पण पहिला आकडा अर्धवट उरला होता आणि त्याच्यापुढच्या जागेवरून बाकीच्यांचा अंदाज येत होता. तेवढ्यात आमच्या गिरणीवाल्याने अख्ख्या पेठेची शिकेकाई दळून दिली असती. सोबत एक जाडसर कागदाचं पत्रक होतं. सासूबाईंनी चष्मा लावून मला ते मोठ्याने वाचायला लावलं. न्हाण्याची ही वेळ खास स्वतःसाठी राखून ठेवा, बाथरूममध्ये एक मेणबत्ती लावा, असं त्यात होतं.

"मेणबत्ती कशाला? दिवे गेलेत का त्यांच्याकडचे?" सासूबाई म्हणाल्या. मग बूच काढून त्यांनी लांबूनच वास घेतला, दोनदा शिंकल्या आणि निकाल दिला : "रिठे जास्त झालेत."

त्यानंतर ती बरणी मला बाथरूमच्या फळीवर दिसली नाही. मला वाटलं, त्यांनी माळ्यावर टाकली असणार. गौरी यायच्या आदल्या दुपारी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर चांदीची भांडी मांडलेली. निरांजनं, हळदीकुंकवाची कोयरी, अत्तरदाणी, गुलाबदाणी. मध्ये परातीत फेसच फेस, आणि सासूबाई जुन्या टूथब्रशने अत्तरदाणीच्या नक्षीत शिरलेल्या. रिठ्याच्या पाण्यात दागिने उजळायचं सोनारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि आमच्या सासूबाईंचं माहेर सराफकट्ट्याला लागून.

तेवढ्यात पुतणीचा फोन आला. मी स्पीकरवर लावला.

"आजी, पावडर वापरलीस का? कशी वाटली?"

"अगं, फारच छान!" सासूबाई मनापासून म्हणाल्या. "निरांजनं बघ कशी लखलखतायत. अजून एक बरणी पाठव, मोठं ताम्हण राहिलंय."